पेनांगमधला एक दिवस: सिंगापूर क्रूझवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझवर मी दोनदा गेले आहे. एकदा सासू-सासऱ्यांना घेऊन, एकदा मैत्रिणींबरोबर. तेव्हापासून ओळखीपाळखीतून प्रश्न येत राहतात, आणि गंमत म्हणजे ते जहाजाबद्दल फारसे नसतात. जहाजावर काय करायचं हे रोज खोलीत येणारं पत्रक सांगतंच. लोक अडतात ते मधल्या त्या एका दिवसापाशी, जहाज मलेशियातल्या पेनांग बेटाला लागतं तेव्हा. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

1. पोर्ट डे म्हणजे काय? त्या दिवशी सगळ्यांना उतरावंच लागतं का?

ज्या दिवशी जहाज बंदरात थांबतं तो पोर्ट डे, आणि दिवसभर पाण्यावरच असतं तो सी डे. पोर्ट डेला उतरणं ऐच्छिक असतं. खोली तुमचीच राहते, सामान हलवायचं नसतं. खांद्याला पिशवी लावायची, जहाजाचं कार्ड मशीनवर दाखवायचं आणि बाहेर पडायचं. परतताना पुन्हा तेच कार्ड आणि विमानतळासारखी सामानाची तपासणी. उतरायचं नसेल तर प्रश्न 16 पाहा.

2. जहाज नेमकं कुठे लागतं? तिथून शहर किती लांब आहे?

लांब नाहीच. जहाज स्वेटनहॅम पिअर या धक्क्याला लागतं आणि धक्का जॉर्जटाउन या पेनांगच्या मुख्य शहराच्या जुन्या गावठाणाला अगदी चिकटून आहे. फाटकाबाहेर आलात की दोन-चार मिनिटांत राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा घड्याळाचा मनोरा समोर येतो. रोम बघायला निघालेल्या क्रूझवाल्यांना चिविताव्हेकियाला उतरून सत्तर-ऐंशी किलोमीटर आत जावं लागतं. इथे जहाजाचा जिना उतरलात की तुम्ही जागतिक वारशाच्या शहरात असता (युनेस्कोची मान्यता 2008 ची, मलाक्का शहराबरोबर मिळालेली). पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

3. एका दिवसासाठी मलेशियाचा व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्टवर 1 डिसेंबर 2023 पासून मलेशियात 30 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं. ही सवलत मुदतीची आहे. ती वाढत वाढत 31 डिसेंबर 2026 पर्यंत आली आहे, त्यामुळे त्यापुढची क्रूझ घेणाऱ्यांनी पुन्हा खात्री करावी. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्डही आहे, फुकट आणि ऑनलाइन. तुमच्या फेरीला ते भरायचं का हे क्रूझ कंपनीच्या ईमेलमध्ये लिहिलेलं असतं.

खरा घोळ होतो तो सिंगापूरच्या व्हिसाचा. तुम्ही सिंगापूरला उतरता, जहाजात बसून देश सोडता आणि परत सिंगापूरलाच येता. म्हणजे दोनदा प्रवेश. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे एजंटच्या तोंडी भरवशावर न सोडता छापील कागदावर स्वतः वाचा. सिंगापूरचं आगमन कार्डही दोनदा भरायचं असतं: एकदा विमानाने येताना, एकदा जहाजाने परतताना. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते भरता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खरी नव्हे.

4. पासपोर्ट बरोबर न्यायचा की खोलीतल्या तिजोरीत ठेवायचा?

हे तुमच्या मनावर नाही. काही फेऱ्यांमध्ये जहाज पासपोर्ट स्वतःकडे घेतं, काहींमध्ये धक्क्यावर तो दाखवावा लागतो. आदल्या रात्रीच्या पत्रकात जे लिहिलं असेल तेच करायचं. न्यायचा नसला तरी पहिल्या पानाची झेरॉक्स आणि सिंगापूर व्हिसाची प्रत पर्समध्ये ठेवा, फोनमध्ये फोटोही असू द्या. का, ते प्रश्न 6 मध्ये येईल.

5. “जहाज पाचला निघणार” म्हणजे आम्ही किती वाजेपर्यंत यायचं?

पाचला नव्हे. पत्रकावर दोन वेळा असतात, एक जहाज सुटण्याची आणि एक सगळ्यांनी परत जहाजावर असण्याची. दुसरी साधारण अर्धा ते एक तास आधीची असते आणि तुमच्यासाठी तीच खरी. मी तिच्याही आधी पाऊण तास धक्क्यावर असायचं ठरवते. घाबरट म्हणा हवं तर.

पेनांग आणि सिंगापूर यांची वेळ एकच आहे, भारताच्या अडीच तास पुढे. माझ्या सासऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवलं होतं. “अडीच तास मिळवायचे, त्यात काय एवढं” असं म्हणत होते. दुपारी चहाच्या दुकानात त्यांनी सव्वादोनमध्ये दोनच तास मिळवले आणि “अजून सव्वाचारच वाजलेत, बसा निवांत” असं सांगितलं. खरे वाजले होते पावणेपाच, आणि आम्हाला पाचला आत असायचं होतं. चहा तसाच टाकून निघालो. घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा, एवढंच.

6. उशीर झाला तर जहाज थांबतं का?

जहाजाने आयोजित केलेल्या सहलीच्या बसला उशीर झाला तर थांबतं, किंवा तुम्हाला पुढे पोहोचवायची जबाबदारी ते घेतात. स्वतः फिरणाऱ्यांसाठी मात्र थांबत नाही. कॅप्टनचा दोष नाही. धक्क्याची वेळ ठरलेली असते आणि पुढच्या बंदरातली जागाही.

राहिलातच तर घाबरून गावभर धावू नका. पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो उतरण्याआधीच काढून ठेवा आणि त्याला गाठा. पुढचा खर्च तुमचा. जहाज सिंगापूरला चाललं असेल तर विमानाने दीड तासाच्या आसपास लागतो आणि विमानतळ धक्क्यापासून सोळा-सतरा किलोमीटरवर बायान लेपासला आहे. रस्त्याने सिंगापूर जवळजवळ सातशे किलोमीटर पडतं. जहाज थायलंडमधल्या फुकेतला गेलं असेल तर प्रकरण वाढतं, कारण मध्ये तिसरा देश येतो. आणि या सगळ्यात सिंगापूरचा व्हिसा तुमच्या हातात लागतो, म्हणून प्रश्न 4 मधली ती प्रत.

7. जहाजाची सहल घ्यावी की आपण आपलं फिरावं?

पेनांगपुरतं माझं मत ठाम आहे: शहर बघायचं असेल तर आपलं आपण. जे चालत दोन मिनिटांवर आहे ते बघायला बसमध्ये चाळीस जणांबरोबर बसून मोजणीला ‘हजर’ म्हणण्यात अर्थ नाही. टेकडीवर किंवा दूरच्या देवळाला जायचं असेल, बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील आणि वेळेची धाकधूक सोसत नसेल, तर जहाजाची सहल घ्या. महाग असते, पण प्रश्न 6 चा ताप राहत नाही. धक्क्याबाहेर टॅक्सीवाले पूर्ण दिवसाचा दर सांगत उभे असतात. त्याआधी ग्रॅब ॲपवर भाडं बघून घ्या, म्हणजे घासाघीस कुठून सुरू करायची ते कळतं. ॲप घरूनच चालू करून ठेवा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो आणि तो तिथे येईलच असं नाही.

8. पेनांग हिल, केक लोक सी मंदिर आणि जॉर्जटाउन, तिन्ही होतील का? यूट्यूबवर होतात.

यूट्यूबवर रांगा कापलेल्या असतात.

हिशोब करून बघा. टेकडीचा पायथा आणि केक लोक सी दोन्ही एर इताम भागात, धक्क्यापासून आठ-नऊ किलोमीटर. गाडीने जायला अर्धा तास, रहदारी असेल तर जास्त. वर जाणारी दोरीची रेल्वे 1923 मध्ये सुरू झाली, आताचे डबे 2011 पासूनचे. प्रवास जेमतेम पाच-दहा मिनिटांचा, पण रविवारी आणि मलेशियातल्या शाळांच्या सुट्टीत रांग तासाच्या वर जाते. लोक चढायची रांग धरतात आणि उतरायची विसरतात. मैत्रिणींबरोबर गेले तेव्हा वर हवा छान, खाली सगळं बेट, समोर आमचं जहाज खेळण्याएवढं दिसत होतं. मग खाली यायला पन्नास मिनिटं उभ्या राहिलो आणि त्या जहाजाकडे बघायची हिंमत होईना.

तेव्हा सकाळी आठला लागून संध्याकाळी निघणारी फेरी असेल तर टेकडी आणि केक लोक सी एकत्र करा आणि शहराला शेवटचा एखादा तास ठेवा. किंवा पूर्ण शहर करा आणि टेकडी सोडून द्या. मी दुसरं सांगेन. डोंगरावर जाणाऱ्या गाड्या आणि थंड हवा आपल्याकडे माथेरानला आहे, जॉर्जटाउन आपल्याकडे नाही.

जहाज दुपारी लागून रात्री निघणार असेल तर केक लोक सी विसराच. मंदिर संध्याकाळी लवकर बंद होतं. तिथली कुआन यिन या करुणेच्या देवतेची तीस मीटर उंच काशाची मूर्ती बघायची फार ओढ असेल तर उतरल्याउतरल्या आधी तिकडे जा. बसनेच जायचं असेल तर 204 क्रमांकाची बस टेकडीच्या पायथ्याला जाते. स्वस्त आहे, पण परतीच्या वेळेला तिच्या भरवशावर राहू नका.

9. फक्त शहर पाहायचं तर कुठून सुरुवात करू?

मनोऱ्यापासून. तो साठ फूट उंच आहे, कारण 1897 साली राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली होती आणि वर्षाला एक फूट असा हिशोब धरला. बांधला एका चिनी धनिकाने. जरासा कललेला वाटेल. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बमुळे तो कलला असं सांगतात.

शेजारीच फोर्ट कॉर्नवॉलिस. 1786 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट इथे उतरला आणि जंगल तोडायला माणसं उत्साहाने लागावीत म्हणून त्याने तोफेत चांदीची नाणी भरून रानात उडवली, अशी दंतकथा आहे. खरी असो नसो, सह्याद्रीतले किल्ले बघितलेल्या माणसाला हा किल्ला अंगणाएवढा वाटतो. बाहेरून बघून पुढे निघालात तरी चालेल. बेटाचं नाव मात्र लक्षात ठेवा: पुलाउ पिनांग, म्हणजे सुपारीचं बेट. कोकणातल्या माणसाला हे ऐकून उगाच बरं वाटतं.

तिथून आत वळलं की एकाच रस्त्यावर आणि त्याच्या आसपास 1818 चं सेंट जॉर्ज चर्च, कुआन यिनचं धुराने भरलेलं चिनी देऊळ, 1833 चं महामारिअम्मन मंदिर आणि कपितान केलिंग मशीद. मारिअम्मनचं गोपुर क्वीन स्ट्रीटच्या बाजूने दिसतं. दाक्षिणात्य देवळं दुपारी बंद असतात, साधारण बारा ते चार, तेव्हा आधी देऊळ मग जेवण. मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून जाता येतं, अंग झाकायला झगे तिथेच देतात.

मग आर्मेनियन स्ट्रीट. अर्नेस्ट झकारेविच या चित्रकाराने 2012 मध्ये भिंतीवर दोन मुलं रंगवली आणि त्यांच्याखाली खरीखुरी सायकल ठेवली, ती इथे. फोटोसाठी रांग असते. त्या रांगेतले फार थोडे जण त्याच रस्त्यावरच्या 120 क्रमांकाच्या घरात जातात. सुन यत-सेन यांनी 1910 मध्ये चीनमधल्या क्रांतीची तयारी तिथून चालवली होती. घर लांबट, मधे उघडा चौक. आपल्या वाड्याची आठवण येईल. जवळच खू घराण्याचं कुलमंदिर आहे, खू कोंगसी. तिकीट आहे, पण छपरावरचं कोरीवकाम बघता पैसे वसूल.

शेवटी समुद्राकाठच्या क्लॅन जेटी. एका आडनावाची एक वस्ती, सगळी घरं पाण्यात खांबांवर, त्यातली च्यू जेटी सगळ्यात मोठी. ही राहती घरं आहेत. कुणाच्या ओसरीवर बाई भाजी निवडत बसलेली असते, तिच्या दारात कॅमेरा धरू नका. तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने वीस मिनिटांत धक्क्यावर परत येता. पाय दुखत असतील तर गावठाणात फिरणारी कॅट नावाची बस फुकट आहे.

10. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

नाही, पण सावध राहा. लिटल इंडियात (क्वीन स्ट्रीट, पेनांग स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट) केळीच्या पानावर जेवण, इडली, डोसा आरामात मिळतं. तमिळ भटारखाना असल्याने चव ओळखीची. चिनी शाकाहारी खानावळीही आहेत, बौद्ध मंडळी त्या चालवतात. तिथे ‘मटण’ दिसलं तरी ते सोयाचं किंवा गव्हाच्या सत्त्वाचं असतं.

गफलत होते ती रस्त्यावरच्या गाड्यांवर. हिरव्यागार पालेभाजीतही बलाचान असतं, म्हणजे वाळवलेल्या बारीक कोळंबीची आंबवलेली चटणी. आपल्या सुकटीची दूरची बहीण समजा. ‘सायूर’ म्हणजे नुसती भाजी, शाकाहारी असा त्याचा अर्थ होत नाही. फळांच्या रोजाकवरचा काळा गोड रस कोळंबीचा असतो. चार क्वे त्याव नावाच्या नूडल्समध्ये कोळंबी आणि बऱ्याचदा डुकराची चरबी, आसाम लाक्सामध्ये मासा. रोटी चनाईबरोबर डाळ मागितली तरी वरून मटणाचं कालवण ओतून देतात, म्हणून कोरडी मागा.

बिनधास्त खा ते चेंडोल: खिसलेला बर्फ, नारळाचं दूध, माडाचा गूळ, राजमा आणि तांदळाच्या हिरव्या शेवया. पेनांग रोडवरच्या गल्लीत त्यासाठी उभ्याने रांग लागते.

मांसाहारी असाल तर नासी कांदार चुकवू नका. कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. तमिळ मुसलमान फेरीवाले एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला कालवण घेऊन बंदरातल्या मजुरांना विकत, तेव्हापासूनचं नाव.

11. जैन जेवण? आणि त्या दिवशी नेमकी चतुर्थी आली तर?

जैन जेवणासाठी जहाजच बरं, तेही बुकिंगच्या वेळी आणि पुन्हा पहिल्या रात्री सांगून. गावात सांबारातही कांदा असतो. दहीभात मिळतो. चतुर्थीला शहाळं आणि फळं भरपूर. साबुदाणा मात्र तिथे खीर-केकच्या रूपात भेटतो, खिचडी विसरा.

12. आईबाबा सत्तरीचे आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे. जमेल का?

धक्क्यापर्यंत अगदी सहज, कारण पेनांगला जहाज थेट लागतं, होडीत उतरावं लागत नाही (फुकेतचं वेगळं, प्रश्न 18). गँगवेचा, म्हणजे जहाजातून उतरायच्या जिन्याचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे कमीजास्त होतो, व्हीलचेअर असेल तर कर्मचारी मदत करतात.

गावात अडचण येते. जुन्या दुकानांपुढे ‘पाच फुटी’ नावाच्या छपराच्या पडव्या आहेत. सावली उत्तम, पण प्रत्येक दुकानाची फरशी वेगळ्या उंचीची आणि मधेच स्कूटर लावलेली. व्हीलचेअर सलग जात नाही. त्यापेक्षा त्रिशॉ घ्या, पुढे दोघांची बैठक आणि मागे चालक. तासाचा दर आणि कुठे कुठे थांबणार हे आधी ठरवा, प्लास्टिकची फुलं आणि गाणी फुकट. माझ्या सासूबाई तासभर महाराणीसारख्या बसून फिरल्या आणि आम्ही मागून चालत घामाघूम.

13. रिंगिट किती घ्यावेत?

माणशी जेवण, चेंडोल, एक-दोन तिकिटं आणि एखादी ग्रॅब एवढेच. मोठ्या दुकानांत कार्ड चालतं, गाड्यांवर आणि त्रिशॉला रोख लागते. लिटल इंडियात पैसे बदलून देणारे आहेत आणि सिंगापूर डॉलर कुठेही बदलतात. जहाजाच्या काउंटरवर बदलू नका, तिथला दर बोचतो.

14. मोबाइल चालेल का?

पेनांगमध्ये हो. सिंगापूर, मलेशिया, थायलंड मिळून एकच ई-सिम मिळतं, ते सोयीचं. मात्र जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की फोन जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि ते कुठल्याच साध्या पॅकमध्ये नसतं. जहाजावर चढताच एअरप्लेन मोड.

15. ऊन-पाऊस?

बारा महिने दमट, पाऊस कधीही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळ्यात जास्त. छत्री उन्हालाही उपयोगी पडते. कपडे सुती, देवळासाठी गुडघ्याखालचे. चिनी नववर्षाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत बरीच दुकानं आणि गाड्या बंद असतात, तेव्हाची फेरी घेताना हे धरून चाला.

16. नाहीच उतरलो तर जहाजावर काय असतं?

शांतता. तरणतलाव रिकामा, जेवायला रांग नाही. कॅसिनो आणि ड्यूटी फ्रीची दुकानं मात्र बंदरात बंद ठेवतात. लहान बाळ असलेल्यांना हा दिवस सोन्यासारखा वाटतो.

17. काय विकत घ्यावं आणि काय जहाजावर चढू देत नाहीत?

जायफळ घ्या. इंग्रजांनी इथे जायफळाच्या बागा लावल्या होत्या, अजूनही साखरेत मुरवलेलं जायफळाचं फळ, तेल आणि मलम मिळतं. कोकणात आपण जायपत्री आणि बी ठेवतो, फळाच्या सालीचं काय करायचं ते इथे कळतं. मुगाच्या सारणाची छोटी बिस्किटं, ताव सार पिआ, प्रसिद्ध आहेत. पण पारंपरिक पारीत डुकराची चरबी असते, शाकाहाऱ्यांनी डब्यावरचं वाचून घ्यावं.

डुरियन हे फळ चढू देत नाहीत, वासामुळे. खायचाच असेल तर बाहेर खा. दारूची बाटली घेतलीत तर ती ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री किंवा उतरताना देतात. जहाज सिंगापूरला परतणार आहे हेही लक्षात असू द्या: तिथे व्हेप बेकायदा आहे, च्युइंगम आणता येत नाही, सिगारेटच्या एका पाकिटालाही करमाफी नाही.

18. आमची फेरी पुढे फुकेतलाही जाते. तिथेही असंच का?

बरंच वेगळं. अनेक फेऱ्यांत जहाज पातोंगच्या खाडीत नांगर टाकतं आणि टेंडर म्हणजे छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. म्हणजे जाताना टोकन आणि रांग, येताना शेवटच्या टेंडरची वेळ हीच तुमची अंतिम वेळ. समुद्र खवळलेला असेल तर गुडघे दुखणाऱ्यांनी उतरू नये. थायलंडची वेळ मलेशियाच्या एक तास मागे आहे. जहाजाचं घड्याळ बदलतं की नाही ते पत्रकात पाहा, कारण फोन आपोआप बदलतो आणि तिथेच फसगत होते. थायलंडच्या प्रवेशाचे नियम बदलत असतात, बुकिंग करताना आणि निघायच्या आठवड्यात असे दोनदा तपासा.

19. हवामानामुळे पेनांगच रद्द झालं तर पैसे परत मिळतात का?

क्रूझचं भाडं नाही. मार्ग बदलायचा हक्क कंपनी अटींमध्ये राखून ठेवते. त्या बंदराचा कर आणि शुल्क सहसा तुमच्या जहाजावरच्या खात्यात जमा होतं आणि जहाजाकडून घेतलेली सहल असेल तर तिचे पैसे येतात. बाहेरच्या कुणाकडे आगाऊ गाडी ठरवली असेल तर ते पैसे त्याच्या मर्जीवर. म्हणून पेनांगसाठी मी कधीच आगाऊ काही ठरवत नाही. फाटकाबाहेर पडल्यावर मिळत नाही असं तिथे काही नसतं.